सहा बाय पाच मिलिमीटर

१९ ऑगस्ट १९६२, रविवार. तुळजापूर

घडलं ते क्रमानं लिहिते.

१. सोमवार, १२ जून १९६१. बाह्यरुग्ण विभागात गजराबाई, राहणार अणदूर, कुंभारकाम, वय अंदाजे पंचेचाळीस. तक्रार : उजव्या तळव्यावर, करंगळीच्या मुळाशी, चालताना टोचतं. तपासलं मी. काळी, घट्ट, किंचित वर आलेली गाठ. सहा बाय पाच मिलिमीटर. निदान : भोवरी, वर बिब्ब्याचा डाग. मलम दिलं.

२. मंगळवार, १४ ऑगस्ट १९६२. तीच बाई, तोच पाय, तीच जागा. आता रक्त येतं. आठ बाय सात. काळेपणा तसाच. बिब्ब्याचा डाग पंधरा-वीस दिवसांत कातडीबरोबर निघून जातो.

३. त्याच दिवशी आमचे अधीक्षक आणि शल्यचिकित्सक डॉ. काटगावकर यांनी पाय पाहिला. ‘मेलॅनोमा असणार, काळा कर्करोग,’ असं ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. बाईशी बोलले नाहीत. गाठीच्या कडेचा तुकडा काढला आणि बाईला वॉर्डात ठेवून घेतलं.

४. तुकड्याचे दोन भाग केले. एक शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेकडे रवाना झाला. दुसरा, डॉक्टरांच्या परवानगीनं, माझ्याकडे फॉर्मलिनच्या बाटलीत आहे.

५. ही बाई पूर्वी इथं आली होती का, असं कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

६. जून १९६१ ची नोंदवही रुग्णालयातल्या माझ्या खोलीत, कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे असते.

एवढंच घडलं आहे.

२१ ऑगस्ट, मंगळवार

एवढंच नाही. चूक कशी झाली ते राहिलं.

परंड्याला आमच्या घरी देवळीत बिब्बे असायचेच. आई सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायची आणि त्याचं तेल टाचेच्या भेगांना, भोवरीला, मोडलेल्या काट्याच्या जागी लावायची. मग आठ-पंधरा दिवस पाय काळा. त्यामुळं गजराबाईचा तळवा पाहताक्षणी मला तो ओळखीचा वाटला. ‘बिब्बा घातला होता का?’ मी विचारलं. ‘व्हय, घातला की,’ ती म्हणाली. संपलं. लांबच्या मुलखातला डॉक्टर असता तर त्याला बिब्बा माहीत नसता, आणि त्याला नीट बघावं लागलं असतं. मला माहीत होतं म्हणून मी बघितलं नाही.

मोजली मात्र. ती सवय हैदराबादची. तिथं मी पॅथॉलॉजीत दीड वर्ष डेमॉन्स्ट्रेटर होते. आधी मोजायचं आणि मग बोलायचं, असा राघवेंद्र यांचा नियम होता. ते माझे वरिष्ठ. राज्याची वाटणी झाली तेव्हा मी शिकत होते. पुढं एकेक करून आमच्या बाजूची माणसं आपापल्या मुलखात परतली. वडिलांचं, अण्णांचं, पत्र आलं, ‘आता तू तिकडे कुणाची?’ म्हणून मीही आले. अण्णांनी तहसिलीत पेशकार म्हणून आयुष्य काढलं. त्यांना प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी हद्दीत असायला हवी असते.

इथं ट्रस्टचं तीस खाटांचं रुग्णालय आहे. लघवी, रक्त, थुंकी तपासणं माझ्याकडे, आणि आठवड्यातून तीन दिवस बाह्यरुग्ण. मी पुजाऱ्यांच्या माडीवर राहते. खाली यात्रेकरू बदलत राहतात. ‘आई राजा उदो उदो’ ऐकू आलं की सोलापूरची गाडी आली हे कळतं. घड्याळ पाहावं लागत नाही.

२३ ऑगस्ट, गुरुवार

गजराबाईचं हिमोग्लोबिन साडेसहा. विष्ठेत आकड्याचे जंत. जन्मभर अनवाणी चिखलात राहिलेल्या माणसाच्या बाबतीत यात नवल नाही. औषध आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

बोटातून रक्त घेताना ती बोलत होती. मी विचारलं नव्हतं.

“बाई, आदी मला वाटलं खडाच हाय मातीत.”

“कुठल्या मातीत?”

“तळ्याची माती आनायची, चाळायची, घोड्याची लीद घालून तुडवायची. चाकावर बलभीम असतो, माजा ल्योक. पर तुडवायची म्याच. हाताला खडा घावत न्हाय, पायाला घावतो. तर तवा खडा लागाय लागला. म्या माती पुन्यांदा चाळली. तरी लागतोय. बलभीम म्हनला, आय, आता पिठाच्या चाळनीनं चाळ. तसंबी केलं. तरी हायच. मग पाय धुऊन बघितला, तर खडा माज्याच पायात!”

ती हसली. शेजारच्या खाटेवरची बाईही हसली. मी आकडा लिहून घेतला.

“किती दिवस झाले त्याला?” मी विचारलं.

“झालं असतील दोन वरसं. का तीन? आमच्या म्हशीला रेडकू झालं त्याच्या आदी.”

डॉक्टरांना तिनं तीन महिने सांगितले होते. म्हणजे तीन महिने ते तीन वर्षं.

तिच्या गावात आणि तुळजापुरातही घटस्थापनेचे घट तिच्या घरचे जातात. यंदा घटस्थापना २९ सप्टेंबरला आहे. ती बोटांवर मोजत होती.

२६ ऑगस्ट, रविवार

तुकडा स्पिरिटातून काढून मेणात बसवला. मेण स्टोव्हवर वितळवलं. एकदा जास्त तापलं, ओतून दिलं, पुन्हा केलं.

कापण्याचं यंत्र आहे. निजामाच्या फौजेतल्या एका निवृत्त डॉक्टरांनी ते ट्रस्टला दिलं होतं. झाकणाखाली ठेवून सगळे त्याला नमस्कार करत असावेत, कारण धूळ होती पण हात लागल्याची खूण नव्हती. सुरीला मात्र धार नाही. केसाच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ काप हवा. अशी धार लावणारा सोलापुरातही मिळेल की नाही, शंका होती.

देवळाकडच्या वाटेवर माणिकप्पा न्हावी बसतात. लांबलांबून आलेल्या मुलांची जावळं काढण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्याकडे तीन तऱ्हेचे दगड आहेत. मी सुरी पुढं केली. त्यांनी ती उलटसुलट केली आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाईसाब, ही कुनाची हजामत?”

“माणसाच्या कातडीची.”

“जिवंत?”

“नाही.”

“मग तो हलनार न्हाय. निम्मं काम झालं.” त्यांनी दगडावर तेल टाकलं. “आमची गिऱ्हाइकं लाथा मारत्यात.”

दोन तास लागले. मी शेजारच्या पायरीवर बसून राहिले. येणारेजाणारे बघत होते. धार लावून झाल्यावर माणिकप्पांनी स्वतःच्या मनगटावरचे केस त्या सुरीनं उडवून दाखवले, आणि मोबदला विचारला तर म्हणाले, “त्या कातडीचं बरं झालं तर मला येऊन सांगा. जावळाचं लेकरू कुनी सांगाय येत न्हाय.”

आज माझ्याशी सर्वांत जास्त वेळ ते बोलले. या महिन्यातही.

३० ऑगस्ट, गुरुवार

शहराचा अहवाल आला. चार ओळी आणि प्राध्यापकांची सही. ‘पेशींमध्ये भरपूर मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य. तळव्यावरची जागा आणि रक्तस्राव पाहता मेलॅनोमा. अवयवछेदन करावं.’

डॉ. काटगावकर वाईट नाहीत. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “गुडघ्याखाली. उशीर केला तर मांडीपर्यंत. रक्त वाढवा तिचं, चंद्रप्रभाबाई, माझ्या टेबलावर ती टिकायला हवी.”

बाईला त्यांनी स्वतः सांगितलं. बलभीम खाटेच्या पायथ्याशी उभा होता. पंचविशीचा आहे. त्याच्या नखांत माती होती. गजराबाईनं पायावरची चादर सारखी केली.

“कवा कापनार?”

“रक्त वाढलं की. सप्टेंबरच्या अखेरीस धरू.”

“न्हाय,” ती म्हणाली. “देवी मंचकावर निजायच्या आदी कापा. ती जागी असताना. निजल्यावर म्या कुनाला हाक मारू?”

घटस्थापनेआधी आठ-नऊ दिवस देवीची निद्रा असते. डॉक्टरांनी पंचांग मागवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं आणि बुधवार, १९ सप्टेंबर ठरवला.

मला त्या वेळी काही वाटल्याचं आठवत नाही. खोलीत येऊन हात धुतले. पुन्हा धुतले.

२ सप्टेंबर, रविवार

खिडकीत सकाळी नऊ ते साडेदहा चांगला उजेड असतो. मायक्रोस्कोप माझा स्वतःचा आहे. पेटीत राघवेंद्र यांचं डिसेंबरमधलं पत्रही आहे. त्या पेटीला ओल लागत नाही, म्हणून तिथं ठेवलं.

तेरा कापांपैकी चार चांगले आले. जे दिसलं ते :

वरची कातडी नेहमीसारखी. तिच्यापासून खाली रुंद पट्टे उतरलेले. पट्ट्यातल्या पेशी लहान, एकसारख्या, एकमेकींना धाग्यांनी जोडलेल्या, जशा एकाच साच्यातून काढलेल्या विटा. कर्करोगाच्या पेशी अशा नसतात. त्या लहानमोठ्या, सैरभैर, एकमेकींना सोडून निघालेल्या असतात. इथं कुणी निघालेलं नाही. नेहमीची कातडी जिथं संपते आणि हे पट्टे सुरू होतात तिथं सुरीनं ओढल्यासारखी रेघ आहे. आणि पट्ट्यांच्या आत तीन ठिकाणी बारीक पोकळ्या, आतून गुलाबी अस्तर असलेल्या. घामाच्या नळ्या.

मी उठून पाणी प्यायले आणि परत पाहिलं. तीनच.

१९५६ सालच्या एका परदेशी मासिकात तळव्यावरच्या अशा गाठींवर लेख आला होता. घामाच्या नळीतून उगवणारी, निरुपद्रवी, काढून टाकली की संपणारी गाठ. हैदराबादला एका दुपारी आम्ही दोघांनी तो वाचला होता. राघवेंद्र वाचत होते आणि मी चित्रं पाहत होते. पंखा बंद होता. त्या लेखातल्या गाठी मांसाच्या रंगाच्या किंवा लाल होत्या. काळी एकही नव्हती.

ही काळी आहे.

३ सप्टेंबर, सोमवार

काळं कुठून आलं? मला अजून आशा होती की बिब्ब्यातून. तसं असेल तर सगळं सुटतं. प्राध्यापकांनी डागाला मेलॅनिन समजलं, आणि माझं जूनचं निदानही निम्मं तरी बरोबर ठरतं.

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल. मेलॅनिन त्यात फिकं पडतं. दुपारी बघितलं. काळं गेलं होतं. नुसतं वरचं नव्हे, पट्ट्यांच्या आत खोलवर, पेशींच्या पोटात होतं तेही. बिब्बा तिथं पोचत नाही.

म्हणजे प्राध्यापकांचं मेलॅनिन खरं आहे. माझं बिब्ब्याचं निदान पूर्ण चुकीचं आहे.

पण रंग खरा म्हणून नाव खरं का? लेखातली माणसं गोरी होती. आमच्या कातडीत रंगाच्या पेशी जाग्या असतात. गाठ वाढताना त्यांतल्या काही तिच्यात ओढल्या गेल्या आणि शेजाऱ्यांना रंग वाटत राहिल्या, तर गाठ निरुपद्रवी असूनही काळीच दिसेल. पट्ट्यांमध्ये फांद्या असलेल्या काही पेशी मला दिसतात. ओळीनं उभ्या, शांत. हे मी कुठंही वाचलेलं नाही. मला फक्त तसं दिसतं.

इथं ते विचारायला कुणी नाही. कमलबाई, माझ्या घरमालकीण, वर येऊन म्हणाल्या, “दिवसभर त्या नळीत डोळा घालून काय बघतेस गं? एकटीनं जेवतेस, एकटीनं बघतेस.” मी म्हटलं, काम आहे. त्या भाजी ठेवून गेल्या. शेपूची होती. मला शेपू आवडत नाही, आणि हे त्यांना दीड वर्षात सांगितलेलं नाही.

४ सप्टेंबर, मंगळवार

डॉ. काटगावकरांना काच दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं, हे मान्य केलं पाहिजे.

“नीटस काम आहे,” ते म्हणाले. “सुरीला धार कुणी लावली?”

“माणिकप्पांनी.”

“न्हाव्यानं?” ते हसले. मग गंभीर झाले. “बाई, तुम्ही म्हणता ही घामाच्या नळीची गाठ. बोटभर कातडी काढली की बाई घरी. मला ते हवंच आहे. मला कुणाचा पाय कापायची हौस नाही. पण त्या कागदावर प्राध्यापकाची सही आहे. तुमच्या काचेवर कुणाची आहे?”

“माझी.”

“आणि काळी अशी गाठ तुम्ही पूर्वी पाहिली आहे?”

“नाही.”

“वाचली आहे?”

“नाही.”

“मी चूक केली आणि पाय ठेवला, तर सहा महिन्यांनी बलभीम तिला खांद्यावरून नेईल. पुलाच्या पलीकडे, स्मशानात.” त्यांनी काच माझ्या हातात परत दिली. “एक गोष्ट मला थांबवू शकते. काळ. मेलॅनोमा वर्षभर गप्प बसत नाही. पण ही बाई मला तीन महिने सांगते, तुम्हाला तीन वर्षं, सिस्टरला आणखी काही. म्हशीच्या रेडकाच्या भरवशावर मी तिचा पाय कसा ठेवू? कुणीतरी तेव्हा लिहिलेला एक आकडा आणा. एक. मी थांबतो.”

मी हो म्हटलं आणि बाहेर आले.

कपाट तिथून अठरा पावलांवर आहे.

५ सप्टेंबर, बुधवार

आज सांगितलं नाही.

१५ तारखेला ट्रस्टची सभा आहे. माझी नेमणूक कायम करण्याचा विषय त्यात आहे. मागच्या सभेत एका सभासदांनी विचारलं होतं म्हणे, की अविवाहित बाई किती दिवस राहणार आणि चुकली तर कोण निस्तरणार. डॉ. काटगावकरांनी उत्तर दिलं होतं, ‘त्या चुकत नाहीत.’

आकडा सांगायचा तर तो ज्या ओळीत आहे ती ओळ दाखवावी लागेल. त्याच ओळीत ‘भोवरी’ आहे. माझ्या अक्षरात. अक्षर सुवाच्य आहे.

ओळ न दाखवता आकडा सांगता येईल का, याचा मी आज तासभर विचार केला. आपण कुठवर गेलो ते कळावं म्हणून इथं लिहून ठेवते.

६ सप्टेंबर, गुरुवार

हिमोग्लोबिन आठ. गजराबाईचा हात आता कमी थंड लागतो.

“बाई,” ती हळू म्हणाली, “पाय कापल्यावर तो कुठं टाकत्यात?”

मी सांगितलं की पुरतात.

“मग मातीत घाला. आमच्या तळ्याकडं. त्याला तिथली वळख हाय.” थोडं थांबून, “तवा तुमी बघितला तवा एवढुसा व्हता न्हाय का ओ?”

मी बाटलीला बूच लावत होते. “तुम्हाला आठवतं?”

“न आठवायला काय झालं? मिरगातली गोष्ट. तुमी ती चिमट्यावानी पट्टी लावून मोजला. म्या घरला जाऊन सांगितलं, सोनार मोजतो तसा डॉक्टरीणबाईनं माजा पाय मोजला. बलभीम हसला.”

“मग मोठ्या डॉक्टरांना का नाही सांगितलं, की मी आधी पाहिलं होतं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, जणू मी अगदी सोपं काही विचारलं होतं.

“तुमी सांगितलं न्हाय. मग म्या कशाला सांगू? बाईमानसाची नोकरी. एकली ऱ्हाता. म्या म्हनलं, असंल त्यांचं काय तरी.” आणि मग, “तुमी मलम दिला तर म्या तरी कुठं लावला? तसाच घरी हाय डबीत. तवा चूक माजीबी हाय.”

मी तिला सांगितलं नाही की त्या मलमानं काहीही झालं नसतं. सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “पाणी जास्त प्या.”

वॉर्डाबाहेर बलभीम बसला होता. त्याच्या शेजारी गोणपाटावर सात घट, कच्चे. तो आईला दाखवायला घेऊन आला होता. तिनं तुडवलेली माती संपली, आता त्यानं स्वतः तुडवून केलेले. एकाला काठावर चीर होती. त्याच्या पायाला खडा लागला नव्हता.

७ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी साडेआठला नोंदवही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. पान उघडून, ओळीखाली पट्टी ठेवून.

त्यांनी वाचलं. परत वाचलं. बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं.

“हे अक्षर तुमचं.”

“हो.”

“चौदा ऑगस्टला तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“हो.”

“चार तारखेला, इथं उभ्या होतात तेव्हा?”

“हो.”

ते खिडकीकडे गेले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर सोपं झालं असतं.

“सहा बाय पाच,” ते म्हणाले. “भोवरीला कॅलिपर लावणारी पहिली डॉक्टर पाहतो आहे मी. चौदा महिन्यांत दोन मिलिमीटर.” परत वळले. “बाई, ही ओळ तुमची चूक आहे आणि त्या बाईचा पुरावा आहे. मला ती सभेपुढं ठेवावी लागेल. पहिला भाग झाकून दुसरा दाखवता येत नाही. समजतं ना?”

“मी प्रयत्न करून पाहिला आहे,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला.

पुढं ते म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत : “आकडा मला हात थांबवायला पुरतो, हात खाली ठेवायला पुरत नाही. प्राध्यापकाच्या सहीसमोर दुसरी सही आणा. ज्यानं अशा गाठी पाहिल्या आहेत अशा कुणाची. सतरा तारखेच्या सोमवारपर्यंत. आली आणि तुमच्या बाजूनं असली, तर एकोणीसला मी फक्त गाठ काढीन. नाही आली, तर ठरलेलं करीन, आणि ते करताना मला दोष देऊ नका.”

“कुणाला लिहिणार?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, हैदराबादला माझे एक वरिष्ठ आहेत, आता ते तिथं रीडर झाले आहेत.

“ते उत्तर देतील?”

हे मला माहीत नाही.

संध्याकाळी गजराबाईला सगळं सांगितलं. भोवरी नव्हती, मी चुकले, मलमाचा उपयोग नव्हता, आणि आता एका पत्राची वाट पाहायची आहे. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “मग लिवा की लौकर. देवी जागी हाय तवर.”

८ सप्टेंबर, शनिवार

दोन काचा कापसात गुंडाळून, लाकडी डबीत घालून, डबी कापडात शिवून रजिस्टर केली. पोस्टमास्तर म्हणाले, हैदराबादला चौथ्या दिवशी पोचेल.

पत्र तीनदा लिहिलं. पहिल्यात डिसेंबरच्या पत्राबद्दल बारा ओळी होत्या. त्यांनी त्यात दोन गोष्टी विचारल्या होत्या. विभागात जागा निघते आहे तिला मी अर्ज करीन का, हा एक प्रश्न, आणि दुसरा. संक्रांतीपर्यंत कळवावं, असं लिहिलं होतं. संक्रांत आली त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात ब्याण्णव माणसं होती. नंतर उशीर झाला म्हणून लिहिलं नाही, आणि पुढं फारच उशीर झाला म्हणून. त्या बारा ओळी वाचल्या तर त्यांत गजराबाई कुठंच नव्हती. फाडल्या. दुसरं पत्र इतकं कोरडं झालं की त्याला कुणीही कारकुनाकडून उत्तर पाठवलं असतं. तिसरं पाठवलं. त्याची नक्कल :

*डॉ. राघवेंद्र यांस नमस्कार.*

*सोबत दोन काचा पाठवत आहे. बाई, पंचेचाळीस, उजवा तळवा. १२ जून १९६१ रोजी सहा बाय पाच मिलिमीटर, १४ ऑगस्ट १९६२ रोजी आठ बाय सात. दोन्ही मापं माझी, कॅलिपरनं घेतलेली. पहिल्या वेळी मी भोवरी आणि बिब्ब्याचा डाग असं निदान केलं होतं. ते चुकीचं होतं. जांघेत गाठी नाहीत.*

*दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं निदान मेलॅनोमा आहे. रंग मेलॅनिनचा आहे, ते मी तपासलं आहे. तरी मला ही घामाच्या नळीची निरुपद्रवी गाठ वाटते. ‘अ’ काचेवर शाईनं तीन ठिपके केले आहेत, त्यांच्याखाली नळ्या आहेत. ‘ब’ काचेवर गाठीची कड पाहावी. आपण एकत्र वाचलेल्या लेखात अशी काळी गाठ नव्हती. तुम्ही त्यानंतर कुठं पाहिली असेल, तर तुमच्या सहीनं तसं लिहावं. माझं चुकत असेल, तर तेही सहीनंच लिहावं. माझी भीड धरू नये.*

*बाई कुंभार आहे. माती पायानं तुडवते. १९ तारखेला तिचा पाय गुडघ्याखाली कापायचा ठरला आहे. तुमच्या उत्तराशिवाय ते थांबणार नाही.*

*तुमच्या डिसेंबरच्या पत्रात मला एक तारीख दिली होती. ती मी पाळली नाही. कारण काहीही लिहिलं तरी ते खोटं वाटेल, म्हणून लिहीत नाही. पत्र जपून ठेवलं आहे. त्याचा राग या काचांवर काढू नये, असं लिहिणार होते, पण तुम्ही तसे नाही हे मला माहीत आहे.*

*उत्तर एका शब्दाचं असलं तरी चालेल. तार केली तरी चालेल. सोमवार, १७ सप्टेंबरपर्यंत ते तुळजापुरात पोचलं पाहिजे. कृपया त्या दिवसापर्यंत उत्तर द्यावं.*

*चंद्रप्रभा*